निऑनचे शिल्प करायचे तर काच शिकायलाच हवी का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : एक वाचक छपाईच्या व्यवसायात मांडणीकार म्हणून नोकरी करतात आणि गेली काही वर्षे संध्याकाळच्या वेळात, मागणीनुसार, एलईडीच्या लवचीक पट्ट्यांपासून नावांच्या पाट्या, चिन्हे आणि भिंतीवरच्या प्रकाशाकृती बनवून देतात. कामे येत राहतात आणि ग्राहकांची तक्रार नसते. मात्र एका प्रदर्शनात एका ज्येष्ठ कलावंताने त्यांचे काम पाहून ‘हे सजावटीचे सामान झाले, निऑन काचेतच असते’ असे म्हटले, आणि ते वाक्य त्यांच्या मनातून जात नाही. त्यातच दोन गोष्टी एकदम समोर आल्या आहेत. काचनळ्या वाकवणारा एक जुना कारखाना बंद होत असून मालक बर्नर, निर्वात पंप आणि नळ्या तापवण्याचा उच्च विद्युतदाबाचा ट्रान्सफॉर्मर असा सगळा संच विकत आहेत. महिन्याभरात होकार किंवा नकार हवा आहे. दुसरीकडे, एका इमारतीच्या जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत टांगण्यासाठी सुमारे तीन मीटर उंचीचे प्रकाशशिल्प करून द्याल का, अशी विचारणा आली आहे आणि ग्राहकाने ‘खरे निऑन’ मागितले आहे. साठवलेले पैसे घालून संच घ्यावा, घरातल्या रिकाम्या खोलीत बसवावा आणि चित्रफिती पाहून शिकावे, असे वाचकांच्या मनात आहे. ते विचारतात : एलईडीवरच थांबणे म्हणजे आयुष्यभर नक्कल करत राहणे नव्हे का? आणि नळ्या दुसऱ्या कुणाकडून वाकवून घेतल्या, तर त्या शिल्पाला माझे म्हणता येईल का?

उत्तर :

तुमच्या पत्रात काच, संच, खोली, पैसे आणि त्या ज्येष्ठांचे वाक्य यांविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. तीन मीटरचे ते शिल्प दिसणार कसे, याविषयी मात्र एक ओळही नाही. पत्र वाचताना मला सर्वांत आधी हेच खटकले. साधन कोणते घ्यायचे हे आकृती ठरल्यावर ठरते, आणि तुम्ही आकृती मनात नसतानाच साधनाचा निवाडा मागत आहात.

आधी त्या वाक्याचा विचार करू, कारण तेच तुम्हांला महिन्याभराच्या मुदतीकडे ढकलत आहे. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. निऑन हा वायू १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून वेगळा काढला, आणि १९१० साली पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लोद यांनी बारा मीटर लांबीच्या दोन तांबड्या नळ्या उजळून दाखवल्यावर त्याच्या प्रकाशाचा बाजार सुरू झाला. बंद काचनळीत वातावरणाच्या साधारण एक-दोन टक्के दाबाने भरलेल्या वायूतून वीज वाहते तेव्हा नळीची सगळी पोकळी उजळते, आणि प्रकाश सगळ्या बाजूंनी बाहेर पडतो. तुमच्या पट्टीत ओळीने बसवलेले बारीक दिवे असतात आणि वरचे सिलिकॉनचे आवरण त्यांचा प्रकाश एकसंध भासेल इतका पसरवते. या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि ग्राहकाने ‘खरे निऑन’ मागितले असेल तर त्याला पट्टी देऊन गप्प बसणे योग्य होणार नाही. अंदाजपत्रकात आणि देयकात ‘एलईडी’ हा शब्द स्वच्छ लिहिलेला असावा. तुमच्यासारखी कामे करणाऱ्या इतर वाचकांनीही ही सवय लावून घ्यावी, कारण या क्षेत्रातली बहुतेक भांडणे इथूनच सुरू होतात.

मात्र ‘वस्तू निराळी आहे’ इथून ‘म्हणून ती सजावट आहे’ इथपर्यंत त्या ज्येष्ठांनी मारलेली उडी मला पटत नाही. अमेरिकन कलावंत डॅन फ्लॅविन यांनी १९६३पासून आयुष्यभर जी प्रकाशशिल्पे केली, ती बाजारात ठरावीक लांबीत तयार मिळणाऱ्या साध्या ट्यूबलाइटची होती; त्यांत काच वाकवणे नव्हतेच. ट्यूब कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या कोनात उभी राहील आणि तिचा रंग शेजारच्या भिंतीवर कसा उतरेल, यातच त्यांचे सगळे कसब होते. दुसरे अमेरिकन कलावंत ब्रूस नाउमन यांनी १९६७ साली आपल्या कार्यशाळेच्या खिडकीसाठी सर्पिल अक्षरांचे निऑन घडवले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्याच जागेतल्या पूर्वीच्या किराणा दुकानाची बिअरची पाटी होती. म्हणजे ज्या पाटीला ते ज्येष्ठ सामान म्हणतील, तिच्यापासूनच एक कलाकृती निघाली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. निऑन वापरणारे पुष्कळ कलावंत स्वतः काच वाकवत नाहीत. ते रेखाटन करतात, कारागिराशेजारी बसून नमुने पाहतात, नाकारतात, पुन्हा करून घेतात. रेषा कुठे जाड, कुठे तुटक, कुठे अंधारात बुडालेली असेल हे तुम्ही ठरवले असेल, तर शिल्प तुमचेच आहे. कारागिराचे नाव मात्र शिल्पाच्या पाटीवर आणि तुमच्या छायाचित्रांखाली लिहा, आणि फसलेल्या चाचणी-नळ्यांचेही पैसे द्या. ‘जमले तरच पैसे’ या अटीवर कुणी मनापासून प्रयोग करत नाही.

आता आकृतीविषयी. पाटी समोरून पाहायची असते. जिन्याच्या मोकळ्या जागेत टांगलेले शिल्प खालच्या पायरीवरून आखूडलेले दिसते, मधल्या वळणावर कडेने दिसते, आणि सर्वांत वरच्या मजल्यावरून माणूस त्याच्या माथ्याकडे, म्हणजे तारा, टांगण्याचे आकडे आणि वीजपुरवठ्याच्या डब्याकडे पाहत असतो. अक्षरे असतील तर ती निम्म्या जागांवरून उलटी दिसतील. दिवसा ते विझलेले असेल आणि तरीही तिथेच लटकत असेल. तुमचा आतापर्यंतचा हात हा सपाट ॲक्रिलिकवर बसलेला, समोरून पाहिला जाणारा हात आहे. म्हणून सामग्रीपेक्षा मोठी झेप तुम्हांला सपाटीतून अवकाशात घ्यायची आहे, आणि ती काच शिकल्याने आपोआप घेतली जात नाही.

तेव्हा पहिले काम असे करा. जाड ॲल्युमिनियमची तार आणून शिल्पाचा छोटा नमुना करा, तो दोऱ्याने टांगा आणि खालून, कडेने, वरून पाहा. दोन-चार नमुने टाकून दिल्यावर एखादा टिकेल. टिकला की तो जागेवर पूर्ण आकारात जाड दोरीने किंवा लवचीक पाण्याच्या नळीने उभा करून बघा. रात्री एकदा जिन्याचे दिवे लावून आणि एकदा बंद करून पाहा. खिडकीच्या काचेत प्रतिबिंब पडत असेल तर शिल्प दुप्पट दिसेल, आणि तो तुमचा फायदाही होऊ शकेल किंवा घोळही. एवढे झाल्यावर तारेचा तो नमुना हातात घ्या आणि स्वतःला एकच गोष्ट विचारा : यातली रेषा एका पातळीत वळते की अवकाशात पिळते?

हा प्रश्न मी इतका रेटतो आहे त्याला कारण आहे. तुम्ही वापरता ती लवचीक पट्टी बहुतेक प्रकारांत एकाच दिशेला वळण्यासाठी बनवलेली असते. काही पट्ट्या आडव्या वळतात, काही उभ्या. ती पिळली, किंवा ठरवून दिलेल्या त्रिज्येपेक्षा घट्ट वळवली, तर आतल्या पातळ पट्टीवरचे सोल्डरचे जोड तुटतात आणि एक तुकडा काळा पडतो, बहुधा बसवून झाल्यावर. शिवाय नेहमीच्या पट्टीचा प्रकाश एका तोंडाने बाहेर येतो, तिची पाठ काळोखी असते आणि तिला काहीतरी आधार लागतो. गोल, चहूबाजूंनी उजळणारी पट्टीही मिळते आणि ती थोडी अधिक मोकळेपणाने वळते, पण स्वतःच्या बळावर आकार धरून राहत नाही. काचेची नळी मात्र मऊ असताना कोणत्याही दिशेला वळते आणि थंड झाली की हवेत तशीच उभी राहते. म्हणून तुमची रेषा पिळत वर जाणारी, सर्व बाजूंनी उजळ आणि पाठीमागे काही नसलेली असेल, तर तिला काच हवी. ती सपाट पात्यांवर, थरांमध्ये, चौकटींमध्ये बसणारी असेल, तर एलईडी उत्तम काम देईल आणि काचेचा हट्ट केवळ त्या प्रदर्शनातल्या वाक्याला दिलेले उत्तर ठरेल.

काचेलाही तिचे नियम आहेत आणि ते रेखाटताना माहीत असलेले बरे. वायूतली वीज एका इलेक्ट्रोडपासून (नळीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या विद्युतद्वारापासून) दुसऱ्यापर्यंत एकाच वाटेने जाते. नळीला मध्येच फांदी जोडली तर ती फांदी काळोखीच राहील. देवनागरी अक्षरे वळवताना हे लगेच आडवे येते. ‘त’ घ्या : शिरोरेषेला उभा दंड मिळतो आणि दंडाच्या मध्याला डावीकडचा वळसा मिळतो, म्हणजे एका साध्या अक्षरात रेषेला रेषा दोनदा टेकते. काचेत हे जोड करता येत नाहीत. नळी वळशाच्या टोकाशी येते, तिथून मागे दुमडते, अक्षराच्या पाठीमागून वर सरकते आणि पुन्हा पुढे येऊन दंड सुरू करते. मागे गेलेला भाग काळ्या रंगाने झाकतात, म्हणजे डोळ्याला फक्त अक्षर दिसते. पट्टीतही तुम्ही तुकडे तोडून, ॲक्रिलिकला भोके पाडून तारा मागून नेत असालच. पण तिथे तुकड्याच्या टोकावरच्या टोपणापाशी बारीक काळी फट राहते, तर काचेत दुमडीचा गोलवा दिसतो. दोन्ही माध्यमांचे हे आपापले हस्ताक्षर आहे, आणि चांगला मांडणीकार ते लपवण्यापेक्षा त्याच्याभोवती रेखाटन करतो. छपाईतल्या कामामुळे अक्षरांची तुमची नजर तयार आहेच, म्हणून ‘त’चे उदाहरण दिले.

रंगाच्या बाबतीतही रेखाटनाच्या वेळीच निर्णय हवा. शुद्ध निऑन फक्त तांबडा-नारिंगी उजेड देतो. निळा हवा असेल तर आरगॉन आणि पाऱ्याचा थेंब लागतो, आणि बाकीचे रंग नळीला आतून दिलेल्या फॉस्फरच्या लेपातून किंवा रंगीत काचेतून मिळतात. लेप दिलेली नळी विझल्यावर पांढरट दिसते, बिनलेपाची नळी जवळजवळ अदृश्य होते. दिवसाउजेडी शिल्प कसे दिसावे याचा विचार इथे करायचा असतो. पाऱ्याच्या नळ्या थंडीत मंद होतात, म्हणून उघड्यावरच्या कामात हे ग्राहकाला आधी सांगावे. एकाच शिल्पात काच आणि पट्टी शेजारीशेजारी ठेवण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. दोघांचा तांबडा एकमेकांशेजारी आला की दोन्ही फिके दिसतात. मिश्रण करायचेच तर दोघांमध्ये अंतर किंवा रंगाचा ठळक भेद असू द्या.

आता संचाविषयी, इथे मला सौम्य भाषा वापरता येणार नाही. चित्रफिती पाहून, एकट्याने, घरच्या खोलीत हा संच चालवू नका. काच वाकवण्याचा भाग त्यातल्या त्यात क्षम्य आहे. एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला तोंडात धरलेली रबरी नळी, आणि मध्ये ज्वाळेवर दोन्ही हातांनी सारख्या वेगाने फिरवायची काच. एक हात जरा मागे पडला की मऊ भाग पिळतो. ज्वाळेतून बाहेर काढल्यावर मोजके क्षण मिळतात : तेवढ्यात नळी नमुन्यावर, म्हणजे कागदावर पूर्ण आकारात काढलेल्या रेखाटनावर, टेकवायची, वळवायची, आणि वळणावर चपटी होऊ नये म्हणून हलकी फुंकर मारायची. नमुनाही उलटा, आरशातल्यासारखा काढलेला असतो, कारण नळीची पुढची बाजू खाली ठेवून वाकवतात. भाजणे, चिरे जाणे, वळणाची बाहेरची भिंत पातळ होऊन नळी चार दिवसांनी आपोआप तडकणे, हे सगळे शिकण्याचा भाग म्हणून सोसता येते.

त्यानंतरचा टप्पा तसा नाही. टोकांना इलेक्ट्रोड जोडल्यावर नळीतली बहुतेक हवा पंपाने काढतात आणि तिच्यातून जबरदस्त प्रवाह सोडतात. काच दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, इलेक्ट्रोड लालबुंद होतात आणि आत चिकटलेली वाफ व अशुद्धी सुटून पंपावाटे निघून जाते. ही सफाई अर्धवट झाली तर नळी थोड्याच काळात काळवंडते किंवा लुकलुकू लागते, म्हणून हा टप्पा वगळता येत नाही. पाटी उजळवणारा नेहमीचा ट्रान्सफॉर्मर दोन ते पंधरा हजार व्होल्टचा आणि सुमारे तीस मिलिअँपिअरचा असतो, आणि तोही जिवावर बेतू शकतो. सफाईचा ट्रान्सफॉर्मर वीस हजार व्होल्टच्या आसपास शेकडो मिलिअँपिअर देतो. त्याच्याशी झालेल्या चुकीतून शिकायला माणूस उरत नाही. जुन्या कारखान्यांत नमुन्यांसाठी ॲस्बेस्टॉसचे कागद वापरले जात, ते संचाबरोबर येण्याची शक्यता धरा आणि ते हलवूही नका. संचासोबत जुन्या, आधी वापरलेल्या निळ्या किंवा पांढऱ्या नळ्या आल्या तर त्या ज्वाळेवर धरू नका, कारण आतला पारा वाफ होऊन श्वासात जातो. पाऱ्याची नळी फुटली तर खिडक्या उघडा, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, आणि तुकडे चिकटपट्टीने टिपून बंद डब्यात ठेवा.

तुम्ही या व्यवहाराकडे यंत्रांची विक्री म्हणून पाहत आहात. मला त्यात एक वेगळी संधी दिसते. त्या कारखान्यात ज्यांनी वर्षानुवर्षे नळ्या वाकवल्या ते हात बंद होत आहेत, आणि पंप व बर्नर पुन्हा कधीही मिळवता येतात. मालकांना भेटा आणि संचाचा भाव विचारण्याऐवजी असे विचारा : कारखाना बंद होण्याआधी किंवा नंतर, तुम्ही किंवा तुमचे कारागीर मला आठवड्यातून काही तास, मोबदला घेऊन, बाकाशी बसू द्याल का? हो म्हणाले तर साठवलेल्या पैशाचा छोटासा भाग तिथे घाला. काटकोन, इंग्रजी यू अक्षरासारखे वळण, मागे दुमडणे आणि दोन नळ्यांचा जोड, एवढ्यावरच बरेच महिने जातात. सफाईने वाकवणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तुम्हांला ते आवडते आहे की नाही हे पहिल्या काही आठवड्यांत कळेल. आवडले तर बर्नर आणि न वापरलेल्या नळ्यांचा साठा घ्या, हवेशीर जागा भाड्याने घ्या, आणि वाकवलेल्या नळ्या वायू भरण्यासाठी चालू कारखान्याकडे पाठवा. वाकवणे एकाकडे आणि वायू भरणे दुसऱ्याकडे अशी वाटणी करता येते. सगळे एकाच छताखाली असले पाहिजे, हे गृहीत धरू नका. नाही म्हणाले, तर मुदत संपू द्या. विकणाऱ्याची घाई ही तुमची घाई नव्हे.

जिन्याच्या कामाकडे परत येऊ. काच निवडलीत तर नळ्या आणि त्यांची टोके माणसाचा हात कुठूनही पोहोचणार नाही अशी ठेवा, कठड्यावरून वाकणारी मुले धरून. टोकांवर इन्सुलेशनची टोपणे, उच्च दाबासाठीचीच वायर, जमिनीकडे गळती होताच बंद पडणारा ट्रान्सफॉर्मर, आणि जोडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून. एलईडी निवडलीत तर गणित साधे आहे : मीटरला १० वॅटची पट्टी १२ मीटर लागली तर भार १२० वॅट होतो आणि वीजपुरवठा सतत पूर्ण ताणावर नसावा म्हणून तो १५० वॅटचा घ्यावा. १२ व्होल्टवर हा प्रवाह १० अँपिअर होतो, २४ व्होल्टवर ५. लांब शिल्पात टोकाचा भाग मंद पडू नये म्हणून २४ व्होल्टच बरे, आणि लांब सलग पट्ट्यांना दोन्ही टोकांकडून वीज द्यावी. पुरवठ्याचा डबा हवेशीर आणि शिडी न लावता हाताशी येईल अशा जागी ठेवा, कारण बऱ्याचदा पट्टीआधी तोच जातो. त्याच रिळातली थोडी पट्टी राखून ठेवा. पुढच्या खेपेचा पांढरा तसाच पांढरा नसतो. दोन्ही पर्यायांत शिल्पाचे वजन टांगणीच्या एकाच आकड्यावर न सोडता दुसरी स्वतंत्र सुरक्षा-तार द्या.

करारात चार गोष्टी लिहून घ्या, मग रक्कम कितीही असो : मंजूर रेखाटन कोणते, दुरुस्ती किती काळ आणि कुणाच्या खर्चाने, मूळ रेखाटन व नळ्यांचे नमुने कुणाकडे राहतील, आणि ग्राहकाने सुचवलेली अक्षरे किंवा चिन्हे वापरण्याचा हक्क त्याच्याकडे आहे का. नमुने शक्यतो तुमच्याकडे ठेवा. काचेची एक नळी फुटली तर तेवढीच नव्याने करता येते, पण नमुना हरवला तर ती शेजारच्या वळणाशी जुळत नाही.

ग्राहकाला या आठवड्यात होकार किंवा नकार न देता असे लिहा की रेखाटन आणि तारेचा नमुना हा पहिला टप्पा असेल, त्याचे मानधन वेगळे असेल, आणि तो पाहून काच की एलईडी हे दोघे मिळून ठरवाल; ‘खरे निऑन’ म्हणताना त्यांच्या मनात तो तांबडा उजेड आहे, काचेची नळी आहे, की नुसते नाव आहे, हेही याच पत्रात विचारून घ्या. पहिल्या टप्प्याचे पैसे द्यायला ते तयार नसतील, तर तीन मीटरचे काम त्यांच्यासाठी अंगावर घेऊ नका.